सिस्टरांच्या गोष्टीतला पाहुणा

सिस्टरांना गोष्टीतल्या माणसांची नाडी बघायची सवय होती. आमच्यापैकी कोणी काही वाचून दाखवलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे झालं तेव्हा त्याची नाडी किती होती?" मी एकदा अंतराळवीराची गोष्ट वाचली होती. यान भरकटलंय, प्राणवायू संपत आलाय, पृथ्वीशी संपर्क तुटलाय. वाचून मान वर केली तर सिस्टर विचारतायत, "शेवटचा जेवला कधी तो?"

"सिस्टर, ते महत्त्वाचं नाहीये."

"उपाशी माणूस वेगळा घाबरतो रे, जेवलेला वेगळा. तुला ठाऊक नसेल तर लिहू नको."

चाळीस वर्षं त्यांनी वॉर्डात काढली होती. लग्न केलं नाही. मूळच्या मालवणकडच्या, लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. आम्ही त्यांना नावाने कधी हाक मारली नाही. सिस्टरच.

आम्ही चौघं होतो. लेखक वगैरे कोणी नव्हतो. मी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडतो आणि घड्या घालतो, आणि उरलेल्या वेळात ग्रहताऱ्यांच्या गोष्टी लिहितो. काका शिवडीच्या गोदामात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांची ऐतिहासिक कादंबरी सात वर्षं पहिल्या लढाईच्या आदल्या दिवशी अडकली होती. प्रणाली वरळी कोळीवाड्याची, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, फोनवरच भुतांच्या गोष्टी लिहायची. दर रविवारी सकाळी आठ ते दहा परळच्या एका जुन्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही बसायचो. साडेदहाला मला दुकान गाठायला लागायचं.

पहिला अर्धा तास नुसत्या गप्पा. आठवड्यात किती पानं झाली, नाही झाली तर का नाही. काकांचा गुडघा, प्रणालीच्या बाबांच्या बोटीचं इंजिन, माझ्याकडे लग्नसराईची गर्दी. सिस्टर मात्र आपल्या लिखाणाची हकिगत उभं राहून सांगायच्या, ड्यूटी संपताना दुसऱ्या नर्सला सांगावी तशी. "दोन पानं झाली. सुधारणा आहे. एक वाक्य रात्रभर कण्हत होतं, सकाळी काढून टाकलं." काका पोट धरून हसायचे.

त्या पेन्सिलने लिहायच्या, जुन्या कॅलेंडरच्या पानांचे चार तुकडे करून, कोऱ्या बाजूवर. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला वेळ. "सकाळी सहा दहा. नायिका उठली." मी म्हणायचो, "सिस्टर, ही गोष्ट आहे, रिपोर्ट नाही." त्या म्हणायच्या, "वेळ लिहिली की खोटं बोलायला जड जातं." सुरुवातीच्या त्यांच्या गोष्टी म्हणजे सगळे पेशंट बरे होऊन घरी जायचे. एकही मरायचा नाही. प्रणालीच्या गोष्टीत कोणी मेलं की त्या तिच्या हाताला धरून म्हणायच्या, "बाय गो, ह्याला वाचव ना. तुझ्या हातात आहे तर वाचव."

तीन वर्षांपूर्वी, गणपतीच्या सुमारास, त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याकडे राहायला आला. बरीच वर्षं परदेशात नोकरीला होता. पहिल्याच रविवारी त्या त्याला घेऊन आल्या. पंचावन्नच्या आसपासचा, पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस, बोलणं हळू. "हा माझा धाकटा," सिस्टर म्हणाल्या. "आई गेली तेव्हा हा दोन वर्षांचा. मी वाढवलाय." एवढ्या खुशीत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे तो दर रविवारी त्यांना सोडायला यायला लागला, आणि बैठक संपेपर्यंत खाली रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून राहायला लागला. काका म्हणायचे, "असा भाऊ मिळायला नशीब लागतं." खिडकीतून तो दिसायचा. वर बघून आम्हाला हात करायचा.

त्याच सुमारास सिस्टरांनी नवी गोष्ट सुरू केली. गिरगावात एक विधवा शिक्षिका आहे, एकटी. तिच्याकडे गावचा एक लांबचा पाहुणा राहायला येतो. एवढीच गोष्ट. दर आठवड्याला एकदोन पानं. वाचून झालं की त्या ती पानं माझ्याकडे द्यायच्या. "माझ्या घरात जागा नाही, तुझ्या दुकानात ठेव." मी माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून द्यायचो.

त्या पानांतलं काही अजून पाठ आहे मला.

"सकाळी सहा दहा. पाहुणा उठला. त्याने बाईच्या चपला कपाटात ठेवल्या आणि कपाटाला कुलूप घातलं. म्हणाला, तू पडशील कुठेतरी. सहा चाळीस. त्याने चहा केला. सात पंचवीस. बाईची मान जड. जीभ कोरडी. नाडी अठ्ठावन्न. सव्वाअकराला जाग आली. मधला वेळ आठवत नाही."

पुढच्या आठवड्यात पाहुण्याने मोरीच्या दाराची कडी काढून टाकली. त्याच्या पुढच्या आठवड्यात बाईचा फोन 'बिघडला'. मग पाहुणा शेजारपाजारी सांगायला लागला, की बाईला हल्ली भास होतात, काहीबाही रचून सांगते, तुम्ही मनावर घेऊ नका. तो कधी आवाज चढवत नव्हता. बाई झोपलेली असताना तो खुर्ची घेऊन तिच्या उशाशी बसायचा, आणि तिचे डोळे उघडले की विचारायचा, "सही करतेस ना खोलीच्या कागदावर? मग तुला गावी नेतो. तिथे शांत वाटेल."

आम्ही त्या गोष्टीवर मनापासून चर्चा करायचो. तेच आठवून आज अंगावर काटा येतो.

काका म्हणाले, "पाहुणा फार सभ्य झालाय. खलनायक असा नसतो. त्याला एकदा ओरडू द्या, काहीतरी फोडू द्या."

"तो ओरडत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मग वाचकाला भीती कशी वाटणार?"

"मला वाटते," प्रणाली हळूच म्हणाली.

मी म्हटलं, "मला ती बाईच पटत नाही. एवढी भित्री? बाहेर जाते, माणसांत बसते. मग कोणाला सांगत का नाही?"

सिस्टरांनी पेन्सिलीचं टोक अंगठ्याने चाचपलं. "सांगते ना. ती सांगते. ऐकणारे म्हणतात, छान, पुढे काय झालं?"

आम्ही हसलो. सगळ्यात जास्त मी.

त्या दिवसांत त्या बदलल्या होत्या, ते आम्हाला दिसत होतं. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायच्या. वजन उतरलं होतं. कोपऱ्यावरच्या टपरीचा कटिंग यायचा तो दोन्ही हातांत धरून घटाघटा प्यायच्या आणि दुसरा मागायच्या. एकदा म्हणाल्या, "हा चहा चांगला. ह्याने झोप येत नाही." मला वाटलं, वय झालं. आपण माणसाला किती झटकन वयाच्या खात्यात टाकतो.

आता जे सांगायचंय ते मी घरी बायकोलासुद्धा खूप उशिरा सांगितलं.

एका रविवारी बैठक संपवून मी घाईने खाली उतरलो. सिस्टर अजून वर आपली पिशवी आवरत होत्या. त्यांचा भाऊ बाकावरून उठून माझ्याकडे आला. नमस्कार केला, कुठे कामाला आहात विचारलं, मी दुकानाचं सांगितलं. मग म्हणाला, "ताई काय लिहिते हो? मला दाखवतच नाही."

आणि मी, मोठ्या कौतुकाने, म्हटलं, "अहो, फार मस्त चाललंय त्यांचं. एका पाहुण्याची गोष्ट आहे. बाईच्या घरात शिरतो, चहातून काहीतरी देतो, हळूहळू तिला कोंडून टाकतो. डिटेल तर असे देतात, की वाटतं समोर घडतंय."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "लहानपणापासून गोष्टी रचायची आवड आहे तिला," म्हणाला.

तेवढ्यात सिस्टर खाली आल्या. आम्हा दोघांना बोलताना पाहून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. त्यांचा चेहरा मी नीट बघितला नाही. मला बस दिसत होती.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. फोन बंद. बाकावरही कोणी नव्हतं. "गावी गेल्या असतील," काका म्हणाले. आम्ही प्रणालीची भुताची गोष्ट ऐकली आणि उठलो. त्याच्या पुढच्या रविवारीही आल्या नाहीत. तेव्हा प्रणाली म्हणाली, "दादा, त्यांची पानं दे ना मला. मी टाईप करून ठेवते, परत आल्या की खूष होतील." मी आदल्या रात्री दुकान बंद करतानाच ड्रॉवरमधला गठ्ठा घेऊन ठेवला होता, तिने दुपारी मेसेज केला होता म्हणून. तिथेच तिने तो उघडला.

सगळ्यात वरचं पान शेवटच्या रविवारचं होतं. ते सिस्टरांनी वाचून दाखवलं नव्हतं, नुसतं माझ्या हातात दिलं होतं, आणि मी न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. प्रणालीने ते मनात वाचलं. तिचा रंगच उतरला. मग तिने ते माझ्यापुढे सरकवलं.

"रविवारी सकाळी आठ ते दहा बाई परळला असते. तिथे तीन माणसं तिचं ऐकतात. घरी काही सांगायची सोय नाही, तिथे खाली तो बसलेला असतो. म्हणून तिने सगळं वेळेसकट लिहून ठेवलंय. ती एका रविवारी आली नाही, तर त्या तिघांनी तिच्या घरी यावं. एकट्याने येऊ नये."

खाली पत्ता होता. गिरगावचा नव्हता. लालबागचा, सिस्टरांचा स्वतःचा.

मी ते तीनदा वाचलं. दोन रविवार गेले होते. दोन रविवार ते पान माझ्या ड्रॉवरमध्ये फॉल-पिकोच्या पावत्यांखाली पडून होतं. आणि त्याच दिवशी मी खाली उतरून त्याला सगळं सांगितलं होतं.

"चला," प्रणाली म्हणाली. ती दार उघडून उभीसुद्धा होती.

परळहून लालबागला टॅक्सीने जायला किती वेळ लागतो? त्या दिवशी सिग्नलच संपत नव्हते. काका गठ्ठा छातीशी धरून बसले होते. मला सारखं एकच दिसत होतं, की आपण पोहोचू आणि दारासमोर माणसं जमलेली असतील, पांढरे कपडे घालून.

तसं काही नव्हतं. रविवारची सकाळ, गॅलरीत कपडे वाळत घातलेले, कोणाकडे तरी मासे तळल्याचा वास. तिसऱ्या मजल्यावरचं शेवटचं दार तेवढं बंद. काकांनी कडी वाजवली.

दार अर्धं उघडलं. पांढरा शर्ट. "कोण होया?" कोण हवंय, असं आधी मालवणीत, आणि मग मला ओळखून, शुद्ध भाषेत, "अरे, तुम्ही! या ना. ताई झोपलीय. तब्येत बरी नाही. बसा, चहा टाकतो."

चहा हा शब्द ऐकून प्रणालीने माझं मनगट घट्ट धरलं.

"आम्हाला त्यांना भेटायचंय," काका म्हणाले.

"झोपलीय म्हटलं ना. डॉक्टरांनी सांगितलंय उठवू नका. तिला भ्रम होतो हल्ली. तुम्ही तरी तिला गोष्टी लिहायला लावू नका, त्यानेच वाढतंय." तो हसत होता. एक हात दारावर, आडवा. त्याच्या हाताखालून मला खाटेची एक कड दिसली, आणि तिच्यावरून लोंबकळणारी वेणी. हलत नव्हती.

खरं सांगतो, मी परत फिरायला तयार होतो. तो आवाज इतका समजूतदार होता, की वाटलं, आपणच वेडे आहोत, कोणाच्या घरी कशाला येऊन उभे राहिलो. माझे पाय मागे सरकले होते, हे मला नंतर प्रणालीने सांगितलं.

काका मात्र सरकले नाहीत. दार लोटून आत जायची ताकद त्यांच्यात नव्हती. त्यांनी दुसरंच केलं. ते उंबऱ्यावर बसले, दुखऱ्या गुडघ्यासकट, म्हणजे आता दार लावायचं तर त्यांना चिरडून लावावं लागलं असतं. चष्मा चढवला, गठ्ठा सोडला, आणि मोठ्याने वाचायला लागले. वाचनालयात ज्यांचा आवाज दुसऱ्या खुर्चीपर्यंत पोहोचायचा नाही, ते काका.

"सोमवार. सकाळी सहा चाळीस. त्याने चहा केला. सात पंचवीस. बाईची मान जड..."

"हे काय चाललंय?" तो म्हणाला. काका थांबले नाहीत. पलीकडच्या दारातून एक बाई डोकावली. मग तिच्या मागून तिचा नवरा. वरच्या मजल्यावरून कोणीतरी कठड्यावर वाकून बघायला लागलं.

"बुधवार. दुपारी बारा वाजून पाच मिनिटं. शेजारीण वाटी घेऊन आली, माशाचं तिखलं. पाहुण्याने दारातूनच घेतली. म्हणाला, ती आंघोळीला गेलीय. बाई दाराच्या मागे उभी होती. त्याचा हात तिच्या तोंडावर होता."

पलीकडची बाई एकदम पुढे आली. "ती मी होते," ती म्हणाली. "वाटी माझी होती. बुधवारच होता तो. ह्याने मला सांगितलं, ताई आंघोळीला गेलीय." ती वळून नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी म्हटलं नव्हतं तुम्हाला, की आतून काहीतरी आवाज आला?"

मग दुसरं कोणी म्हणालं, फोनचंही खरं आहे, त्या माझ्याकडे फोन करायला आल्या होत्या आणि हा मागून येऊन घेऊन गेला. माणसं जवळ येत गेली. काका वाचतच होते. तो दारातून सगळ्यांकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं. पलीकडच्या बाईने त्याचा दारावरचा हात सरळ बाजूला केला आणि ती आत शिरली. तिच्यामागून प्रणाली.

सिस्टर जिवंत होत्या. डोळे अर्धे उघडे, ओठ सुकून फुटलेले. प्रणालीने खांद्याला धरून बसवलं तर मान एका बाजूला पडत होती. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळखायला फार वेळ लागला. मग जड जिभेने म्हणाल्या, "किती रविवार झाले?"

"दोन," मी म्हटलं.

त्यांना खाली नेईपर्यंत, त्या गडबडीत, तो निघून गेला. पोलीस आले तेव्हा खोलीत फक्त त्याची बॅग होती. हॉस्पिटलात रक्ताच्या तपासणीत झोपेच्या गोळ्या निघाल्या, रोजच्या, कित्येक आठवड्यांच्या. चौकीवरच्या बाईसाहेबांनी कॅलेंडरची ती पानं एकेक करून वाचली आणि तक्रारीला जोडून घेतली. म्हणाल्या, इतकी नीट लिहिलेली तक्रार आमच्याकडे क्वचित येते.

सिस्टर बऱ्या झाल्या. लालबागची खोली बंद ठेवून गिरगावात एका जुन्या मैत्रिणीकडे, त्यांच्याच वॉर्डातल्या नर्सकडे, राहायला गेल्या. दोन महिन्यांनी बैठकीला यायला लागल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, त्या दिवशी खाली त्याच्याशी काय बोललो ते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. त्याने घरी जाऊन शब्दन् शब्द सांगितलं मला. डिटेल मस्त देतात म्हणालास ना?" आणि खरंच सांगतो, त्या हसल्या. माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

तो सापडला नाही. आठ महिन्यांनी, भर दुपारी, मी गादीवर बसून एका गिऱ्हाइकाला नारायणपेठी दाखवत होतो, आणि तो माझ्यासमोर येऊन बसला. पांढरा शर्ट. केस थोडे वाढलेले.

"ताईसाठी साडी हवीय," तो म्हणाला.

मी ओरडायला हवं होतं. दुकानात दहा माणसं होती. पण माझ्या तोंडातून निघालं, "कोणता रंग?" हातांनी आपोआप साड्या काढल्या, उलगडल्या. एकाच साडीची घडी मी तीनदा घातली आणि तो ते बघत होता. एवढी भित्री बाई पटत नाही, असं मीच म्हटलं होतं.

त्याने पिस्ता रंगाची एक सुती साडी निवडली. पैसे दिले. "कुठे असते हल्ली ती?"

"गावी," मी म्हटलं.

"बरं." साडीची पिशवी त्याने माझ्याकडे सरकवली. "भेटली की द्या." आणि उठून, चपला घालून, बाहेर हिंदमाताच्या गर्दीत गेला. मी चौकीवर फोन केला. हवालदार आला तोवर सिस्टरांच्या भावाचा मागमूस नव्हता.

पिशवी मी दोन दिवस कोणाला दाखवली नाही. मग वाटलं, न सांगता ठेवून द्यायची चूक एकदा झालीय. रविवारी बैठकीनंतर, काका आणि प्रणाली समोर असताना, मी ती सिस्टरांपुढे ठेवली आणि काय झालं ते सांगितलं.

त्यांनी साडी बाहेर काढली. पदर बोटांत धरून बघितला.

"हा रंग मला आवडतो हे त्याच्या लक्षात आहे," त्या म्हणाल्या. "त्याला शाळेत घालायला गेले तेव्हा मी अशीच साडी नेसले होते. माझा पदर सोडायला तयार नव्हता."

प्रणालीने रिकामी पिशवी आपल्याकडे ओढली.

"तुम्हाला वाटतं मी त्याला घाबरते. घाबरते, नाही असं नाही. पण परवा दारावर थाप पडली ना, तर आधी मनात आलं, तो जेवला असेल का." त्यांनी साडीची घडी घातली, माझ्याहून नीट. "ह्याचीच मला जास्त भीती वाटते रे. की तो परत आला तर मी दार उघडेन."

साडी त्यांनी नेली नाही, परतही दिली नाही. टेबलावर ठेवून त्या उठल्या. आम्ही तिघं त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. ऊन चढलं होतं, रस्त्यात पांढरे शर्ट घातलेली पुष्कळ माणसं होती. बस येईपर्यंत सिस्टरांनी माझी बाही सोडली नाही.